सूचना दहा, सही कुणाचीच नाही

मालिका आणि चित्रपटांच्या निर्मितीत काम करणाऱ्यांपेक्षा काम करवून घेणारे जास्त झालेत, अशी तक्रार या सदराकडे सतत येते. या वेळची सगळी जागा त्याच पत्रांना दिली आहे. उत्तरं एक पटकथालेखक, एक संकलक आणि एक कार्यकारी निर्माता अशा तिघांनी मिळून लिहिली आहेत. जिथे तिघांचं जमलं नाही तिथे तसं सांगितलं आहे.

दैनंदिन मालिकेचे संवाद लिहिते. एका सीनवर निर्मितीसंस्थेचा क्रिएटिव्ह (कथेवर देखरेख ठेवणारा), त्याचा हेड, वाहिनीचा ईपी (कार्यकारी निर्माता) आणि त्याच्या वरचे साहेब असे चार जण सूचना देतात. एक म्हणतो सासू मवाळ करा, दुसरा म्हणतो धारदार करा. रात्री अकराला सीन परत येतो आणि सकाळी नऊची शिफ्ट असते. ऐकायचं कुणाचं? — संवादलेखिका, डोंबिवली

मवाळ म्हणणारा आणि धारदार म्हणणारा, हे दोघे बहुतेक वेळा वेगवेगळा सीन वाचत असतात. एकाकडे कालचा मसुदा असतो, दुसऱ्याकडे आज सकाळचा. सगळ्यात वरच्यांनी तर काहीच वाचलेलं नसतं, त्यांना गाडीत बसल्या बसल्या फोनवर वन-लाइन (भागातल्या सीनचा थोडक्यात आराखडा) ऐकवलेली असते. म्हणून पहिला उपाय अगदी कारकुनी आहे. फाइलच्या नावातच भाग, सीन, मसुदा क्रमांक आणि तारीख घाला : ‘३१२_सीन४_मसुदा२_१४जून’. ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘फायनल फायनल’ ही नावं आजपासून बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर संवादांचे तुकडे चिकटवणंही बंद, कारण त्यांना क्रमांक नसतो आणि तेच तुकडे पुढे पाठवले जातात. ज्या सूचनेवर मसुदा क्रमांक नाही, तिला उत्तर एकच : ‘कोणत्या मसुद्यावर?’

दुसरी गोष्ट टप्प्यांची. कथा, ट्रॅक (कथेतला एकेक धागा), वन-लाइन, पटकथा, मग संवाद. सासू या सीनमध्ये कशी वागते हा प्रश्न वन-लाइनवर सुटायला हवा, फार तर पटकथेवर. तो संवादांपर्यंत उघडा राहिला तर ते संवादांचं अपयश नव्हे. वरच्या टप्प्यावर कुणी तरी नुसतं ‘ओके’ म्हणून पुढे ढकललेलं असतं. तेव्हा वन-लाइनचं नॅरेशन संपलं की त्याच संध्याकाळी पाच ओळींचा मेल टाका : काय ठरलं, कुणाचा कल कुठे, काय उघडं आहे. त्या मेलला उत्तर आलं नाही तरी तो उपयोगी पडतो. पुढे सूचना फिरली, तर ‘वन-लाइन बदलतेय, पटकथाकाराला कळवू का?’ एवढंच विचारायचं. निम्म्या सूचना इथेच मागे घेतल्या जातात, कारण वन-लाइन बदलायची म्हणजे पुन्हा वरपर्यंत मंजुरीला जावं लागतं आणि ते कुणालाच नको असतं.

तिसरं, सूचना आणि उपाय यांची गल्लत. ‘हिला रडू दे’ हा उपाय झाला. त्यामागे एखादी अडचण असते आणि ती सांगणाऱ्याला नीट मांडता आलेली नसते. ‘इथे नेमकं काय कमी पडतंय?’ असं विचारलं की बऱ्याचदा कळतं, सून का गप्प आहे हे प्रेक्षकाला समजलेलं नाही. ते चौथ्या सीनमध्ये रडून समजणार नाही, पण दुसऱ्या सीनमध्ये एक वाक्य टाकलं तर समजेल. चार साहेबांच्या चार परस्परविरोधी उपायांखाली अडचण बहुधा एकच असते. ती शोधून मसुद्याच्या डोक्यावर लिहा.

आता रात्रीच्या अकराचं. चित्रीकरणाचा मसुदा आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला बंद झाला पाहिजे, कारण त्यानंतर कॉलशीट (दुसऱ्या दिवसाच्या चित्रीकरणाचं वेळापत्रक) निघते, कलाकारांना कॉलटाइम जातात, कपडेपट आणि आर्टची यादी लागते. सहानंतर बदल करायचा तर फक्त शब्दांचा करावा. माणूस, जागा आणि वस्तू बदलायची नाही. रात्री अकराला सीनमध्ये ‘जुना फोटो अल्बम’ आणला की काय होतं पाहा : अल्बम बाजारात मिळेल, पण त्यात या मालिकेतल्या कुटुंबाचे फोटो हवेत. म्हणजे कलाकारांना तरुणपणीच्या वेशात उभं करून फोटो काढा, प्रिंट मारा, चिकटवा. सकाळी नऊला ते तयार नसतं, सीन संध्याकाळवर ढकलला जातो, तोवर सासूबाईंची वेळ संपते आणि सीन पडतो. लिहिणारीने एक ओळ घातली, तेवढ्यात युनिटचे दोन तास गेले.

हे सहाचं बंधन पाळता येणं बँकेवर, म्हणजे प्रसारणासाठी आधीच तयार असलेल्या भागांच्या साठ्यावर अवलंबून आहे. आठवड्याला सहा भाग दाखवले जातात, एक युनिट दिवसाला साधारण एका भागाएवढं काम करतं, तेही आठवड्यातून सहा दिवस. याचा अर्थ चालू मालिकेत बँक आपोआप वाढत नाही. मालिका सुरू होण्याआधी जेवढे भाग तयार ठेवले तेवढीच ती असते. एक दिवस वाया गेला की एक भाग कमी, आणि तो भरून काढायला दुसरं युनिट तरी लावावं लागतं किंवा सुट्टीचा दिवस तरी घ्यावा लागतो. बँक तीन भागांखाली गेली की वरची सगळी शिस्त मोडते, मग सीन मेकअप खोलीत लिहिले जातात. तेव्हा दर सोमवारी बँकेत किती भाग आहेत हा आकडा लेखकांनाही कळलाच पाहिजे. तो लपवून ठेवणारी निर्मितीसंस्था स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेते.

दर गुरुवारी टीआरपी आला की ट्रॅक फिरतो. गेल्या गुरुवारी नायिकेची बहीण आणली, या गुरुवारी तिला परत पाठवा म्हणतात. याला व्यवस्थापन म्हणायचं का? — मालिका दिग्दर्शक, ठाणे

म्हणायचं असेल तर म्हणा, पण त्यात गणित कच्चं आहे. टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेचा आठवडा शनिवारी सुरू होतो आणि शुक्रवारी संपतो. त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात. समजा १ तारखेला शनिवार आहे. १ ते ७ या आठवड्याचे आकडे गुरुवारी १३ तारखेला हातात येतात. त्याच दिवशी बहिणीचा निर्णय झाला, १५ला सीन लिहून झाले, १७ला चित्रीकरण झालं, आणि बँक तीन भागांची आहे असं धरलं तर बहीण पडद्यावर दिसेल २० तारखेच्या सुमाराला. ती दिसलेला पहिला पूर्ण आठवडा २२ ते २८. त्याचे आकडे येणार पुढच्या गुरुवारी, म्हणजे निर्णयापासून बरोबर २१ दिवसांनी. मधल्या दोन गुरुवारी जे आकडे आले, त्यात बहीण एक तर नव्हतीच किंवा शेवटचे एक-दोन दिवस होती. तिला परत पाठवण्याचा निर्णय ज्या आकड्यांवर झाला, ते आकडे तिच्याबद्दल काहीच सांगत नव्हते.

भर म्हणून, मोजमापाची यंत्रं देशभरात ५० हजारांहून अधिक घरांत आहेत आणि ‘महाराष्ट्र/गोवा’ हा त्यातला एक भाग. त्यातही मराठी मालिकेचा ठरावीक वयोगट वेगळा काढला की नमुना आणखी आटतो. दशांशातली चढउतार क्रिकेटच्या सामन्याने होते, गौरी-गणपतीत घरं पाहुण्यांनी भरली की होते, समोरच्या वाहिनीवर महाएपिसोड असला की होते. बैठकीत मागायची गोष्ट एकच : कोणताही ट्रॅक सुरू झाल्यावर तीन गुरुवार त्याला हात लावायचा नाही, आणि चौथ्या गुरुवारी एका आठवड्याऐवजी चार आठवड्यांचा कल पाहायचा. बैठकीत तोंडी सांगून हे पटत नाही. वर दिलेल्या तारखा कॅलेंडरवर रंगवून नेल्या तर पटतं.

सेटवर मॉनिटरमागे सात खुर्च्या. कलाकार माझ्याकडे पाहायच्या आधी त्या खुर्च्यांकडे पाहतात. भांडण न करता हे थांबवता येईल? — भागदिग्दर्शिका, मीरा रोड

खुर्च्या हलवा. दिग्दर्शक आणि छायालेखकासाठी एक मॉनिटर सेटजवळ, बाकी सगळ्यांसाठी दुसरा लांब, शक्यतो वेगळ्या खोलीत. दुसऱ्या मॉनिटरला आवाज द्या, बोलण्याची सोय देऊ नका. तिथून येणारी प्रत्येक गोष्ट मुख्य सहायक दिग्दर्शकामार्फत, तीही मास्टर (पूर्ण सीनचा सलग शॉट) झाल्यावर एकदाच. कलाकाराशी थेट बोलायचं नाही, हा नियम चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगावा लागतो. तिसऱ्या महिन्यात सांगितला तर तो कुणा एकाला उद्देशून वाटतो.

मोबाइलवर वाहिनीच्या ऑफिसात थेट फीड जात असेल तर हिशेब करा. दिवसाला आठ सीन, सीनला सरासरी चार सेटअप (कॅमेरा आणि लाइटची मांडणी), आणि प्रत्येक सेटअपनंतर ‘वरून ओके येऊ दे’ म्हणून तीन मिनिटं. ८ × ४ × ३ = ९६ मिनिटं. बारा तासांच्या शिफ्टमधून जेवण, नाश्ता आणि पहिल्या लाइटिंगचा वेळ वजा केल्यावर हातात नऊ-साडेनऊ तास उरतात. त्यातले दीड तास नुसते वाट पाहण्यात गेले, आणि तिकडे फोन धरून बसलेला माणूस त्याच वेळी दुसऱ्या मालिकेच्या बैठकीत असतो. हे ९६ मिनिटांचं गणित डीपीआरमध्ये (दिवसभराच्या कामाच्या अहवालात) ‘मंजुरीची प्रतीक्षा’ असा वेगळा रकाना करून आठवडाभर भरा. रकाना कुणी भरायला मनाई केली, तर दुखणं कुठे आहे ते तिथेच कळेल.

तुमच्या सदरात कायम कार्यकारी निर्मात्यांनाच झोडपतात. आम्ही नसू तर पैसा, तारखा, परवानग्या कोण बघणार? दिग्दर्शक? — कार्यकारी निर्माता, गोरेगाव

नाही बघणार, आणि त्याने बघूही नये. चित्रनगरीतल्या जागेचं आरक्षण, जनरेटर, कलाकारांच्या अडकलेल्या तारखा, लहान मुलांच्या कामाचे नियम, आगीची खबरदारी, साडेआठला पोचणारा नाश्ता. हे चोख झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि बिघडलं तर शिव्या बसतात. अडचण त्या कामाची नसते. एका कामावर दोन पदं बसवली जातात, अडचण तिथे होते. मराठी मालिकांत ‘ईपी’ म्हणजे निर्मितीसंस्थेचाही आणि वाहिनीचाही. एक खर्च वाचवायला बसलेला, दुसरा पडदा श्रीमंत दिसावा म्हणून बसलेला. दोघेही सेटवर ‘ईपीने सांगितलं’ या एकाच वाक्यातून बोलतात. लग्नाच्या सीनला पन्नास माणसं एकाने मागितलेली असतात आणि पंधरा दुसऱ्याने मंजूर केलेली असतात. फ्रेम रिकामी दिसली की बोल छायालेखकाला.

एक जुना दाखला. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात कंपनी निघाली तेव्हा भागीदार पाच होते : व्ही. शांताराम दिग्दर्शनात, दामले ध्वनीत, फत्तेलाल कलादिग्दर्शनात, धायबर कॅमेऱ्यावर आणि सीतारामपंत कुलकर्णी पैशांच्या बाजूला. १९३३मध्ये कंपनी पुण्याला गेली. मालकांपैकी चौघे स्वतः हाताने काम करणारे होते, त्यामुळे सूचना देणाऱ्याला तिची किंमत ठाऊक असे. म्हणून कुणी आज भागीदारीची कंपनी काढावी असं नाही. वाहिनीत नव्याने लागलेल्या ईपीला पहिले पंधरा दिवस संकलनात आणि पंधरा दिवस सेटवर सहायकांबरोबर काढायला लावले तरी फरक पडेल.

इथे आमचं तिघांचं जमलेलं नाही. पटकथालेखकाचं म्हणणं, सेटवर अंतिम शब्द दिग्दर्शकाचा असावा. संकलक म्हणतात की लांब चालणाऱ्या मालिकेत भागदिग्दर्शक बदलत राहतात. चारशे भागांपूर्वी नायकाच्या वडिलांचा मृत्यू कसा दाखवला होता, हे बऱ्याचदा एकट्या क्रिएटिव्हलाच आठवतं, तेव्हा कथेच्या सलगतेवर त्याचा शब्द चालावा. कार्यकारी निर्मात्यांच्या मते शब्द कुणाचाही चालो, पण तो कोणता हे कॉलशीटच्या वरच्या कोपऱ्यात नावासह छापलेलं असावं.

चित्रपट लॉक झाल्यावर (संकलन अंतिम ठरल्यावर), प्रदर्शनाला तीन आठवडे असताना, प्रस्तुतकर्ते म्हणतात ‘फक्त दोन शॉट जरा छोटे करा’. दोन दिवस लागतील म्हटलं की मी कटकट्या ठरतो. यांना समजावू कसं? — संकलक, पुणे

‘जरा’ म्हणजे किती फ्रेम, इथून सुरुवात करा. समजा बारा. चोवीस फ्रेमच्या हिशेबाने अर्धा सेकंद. तुमच्या टाइमलाइनवर ते काम खरंच एका मिनिटाचं आहे. पण त्या जागेपासून त्या रीळातली पुढची प्रत्येक गोष्ट अर्धा सेकंद अलीकडे सरकते. संवाद, फॉली (पावलं, भांडी असे नंतर ध्वनिमुद्रित केलेले आवाज), इफेक्ट्स, संगीत असे सगळे ट्रॅक वेगवेगळ्या माणसांकडे, कधी वेगवेगळ्या स्टुडिओत असतात. प्रत्येकाला बदलांची यादी पाठवून जुळवून घ्यावं लागतं. पार्श्वसंगीताचा ठोका ज्या कटवर बसवलेला होता, तो कटच गेलेला असतो. मिक्स होऊन गेलेलं असेल तर आवाजाची शेपटी पुढच्या शॉटवर पसरलेली असते, ती मधूनच कापली की टचकन ऐकू येते. रंगसंस्करणात त्या शॉटवरचे बदल नव्या लांबीला पुन्हा बसवायचे. सबटायटलच्या वेळा सरकवायच्या. त्यातला एक शॉट व्हीएफएक्सचा असला आणि कमी करण्याऐवजी वाढवायचा असला, तर दोन्ही टोकांना सोडलेल्या आठ-दहा फ्रेम पुरतात का ते पाहायचं. नाही पुरल्या तर तो शॉट पुन्हा रेंडरला. मग डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत) नव्याने बनवायचा आणि पूर्ण पाहायचा. सेन्सॉर प्रमाणपत्र हातात आलेलं असेल तर त्यानंतरचा बदल मंडळाला कळवून मंजूर करून घ्यावा लागतो, हे निम्म्या प्रस्तुतकर्त्यांच्या गावीही नसतं.

एक वाट आहे आणि ती आधी सुचवा : लांबी न बदलता बदल. पहिल्या शॉटमधल्या बारा फ्रेम कापा आणि त्याच बारा फ्रेम लगतच्या शॉटला वाढवा. पुढचं काही हलत नाही, तेवढ्या दोन-तीन सेकंदांचा आवाज दुरुस्त करावा लागतो. डीसीपी मात्र नव्याने बनवावाच लागतो. दहापैकी बऱ्याच वेळा मागणाऱ्याला शॉट ‘लांब वाटत’ असतो, आणि पुढच्या प्रतिक्रियेवर लवकर गेलं की त्याचं समाधान होतं.

पुढच्या चित्रपटासाठी लॉकच्या दिवशी एक कागद करा : रीळ क्रमांक, फ्रेमपर्यंत लांबी, तारीख आणि अधिकार असलेल्या एकाच व्यक्तीची सही. करारात निर्माते, सहनिर्माते, प्रस्तुतकर्ते यांच्यापैकी ती व्यक्ती कोण हे आधी लिहून घ्या. खाली छापून ठेवा : यानंतरचा बदल लेखी, आणि त्याचं संकलन, ध्वनी व रंगसंस्करणाचं बिल मागणाऱ्याकडे. अमेरिकेत दिग्दर्शकांच्या संघटनेच्या करारानुसार चित्रपटाच्या दिग्दर्शकाला स्वतःचा कट करायला साधारण दहा आठवडे हक्काचे मिळतात, सूचनांची पाळी त्यानंतर येते. आपल्याकडे तसं सर्वसाधारण बंधन नाही, तेव्हा प्रत्येकाने ते आपापल्या करारात घालावं. मराठी चित्रपटाला दहा आठवडे परवडत नाहीत. चार आठवडे आणि त्यानंतर सूचनांच्या दोनच फेऱ्या, एवढं मागणं अवाजवी नाही.

परदेशात हे सगळं शिस्तीत चालतं ना? — माध्यमशास्त्राची विद्यार्थिनी, नाशिक

शिस्त जास्त झाली की काय होतं, त्याचं उदाहरण बीबीसीत सापडतं. जॉन बर्ट १९९२ ते २००० महासंचालक होते. त्यांच्या काळात, १९९३मध्ये ‘प्रोड्यूसर चॉइस’ नावाची अंतर्गत बाजारपेठ सुरू झाली. स्टुडिओ, संकलन कक्ष, ग्रंथालय, सगळ्या विभागांनी एकमेकांना बिलं लावायची आणि निर्मात्याने हवं तर काम बाहेरून करून घ्यायचं. हेतू वाईट नव्हता, कोणत्या कामाला किती खर्च येतो हे तोवर कुणालाच नीट माहीत नव्हतं. पण बिलं बनवायला आणि तपासायला माणसं लागली. संस्थेच्याच संग्रहातून गाण्याची तबकडी मागवण्यापेक्षा दुकानातून विकत आणणं स्वस्त पडतं, अशी गत झाल्याचं तेव्हापासून सांगितलं जातं. पुढे ग्रेग डाइक आले, त्यांनी बैठकीत वायफळ अडथळे दिसले की उंचावून दाखवायला कर्मचाऱ्यांना पिवळी कार्डं वाटली. आपल्या सेटवर असं कार्ड कुणी उंचावेल का, हा प्रश्न निराळा.

रोज चार वेगवेगळे रिपोर्ट आणि नऊ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. काम कधी करायचं? — सहायक दिग्दर्शक, मढ

रिपोर्ट दोनच : आदल्या संध्याकाळी कॉलशीट, पॅकअपनंतर डीपीआर. डीपीआरमध्ये ठरलेले सीन, झालेले सीन, मिळालेलं फुटेज मिनिटांत, पहिला शॉट किती वाजता, ब्रेक, पॅकअप, ओव्हरटाइम, खोळंब्याचं कारण आणि बँकेचा आकडा. बाकी ज्याला जे हवं ते त्याने यातून काढून घ्यावं. ग्रुप तीन पुरतात : युनिट, लेखन, मंजुरी. तिसऱ्यात माणसं मोजकी ठेवा.

एका भागाचे सात-सात मसुदे होतात, पण मानधन एकाच भागाचं. कधी तर ट्रॅकच रद्द होतो आणि लिहिलेलं सगळं केरात. विचारलं की ‘सगळीकडे असंच’ म्हणतात. — पटकथाकार, बोरिवली

मानधन भागावर असतं आणि बऱ्याच करारांत ते प्रसारणाशी जोडलेलं असतं. प्रसारणानंतर ९० दिवसांनी पैसे, ही रीत ओळखीची आहे. त्यामुळे जो भाग प्रसारितच झाला नाही तो हिशेबात येत नाही. जास्तीच्या मसुद्यांचा खर्च एकट्या लेखकावर पडतो, म्हणून तर ते इतक्या सहज मागितले जातात. करारात तीन कलमं घ्या. एक, मानधनात दोन मसुदे धरलेले, तिसऱ्यापासून वेगळी रक्कम, आणि ती रक्कम आकड्यात लिहिलेली. दोन, मंजूर वन-लाइनवर लिहिलेला भाग रद्द झाला तर ठरलेल्या मानधनाचा अमुक टक्के भाग. तो निम्म्यापासून मागायला सुरुवात करा. तीन, ९० दिवस मोजायचे ते प्रसारणापासून नव्हे, मसुदा स्वीकारल्याच्या मेलपासून. तिसरं कलम सहज मिळत नाही. पहिल्या दोनांवर मात्र ठाम राहा. लेखकांच्या संघटनेचे सभासद असाल तर सही करण्याआधी करार तिथे वाचून घ्या.

करार आधीच झालेला असेल तर निदान मोजदाद ठेवा. तिसरा मसुदा पाठवताना मेलमध्ये एवढंच लिहा : ‘भाग ३१२, मसुदा ३. बदल वाहिनीच्या १४ जूनच्या सूचनेनुसार, मंजूर वन-लाइनपेक्षा वेगळे.’ राग नको, टोमणा नको. महिन्याच्या शेवटी हे मेल एकत्र करून निर्मात्याला पाठवा. वाहिनीशी पुढच्या शंभर भागांचे दर ठरवताना त्यालाच ही यादी हवी असते.